जिवंत राहिलेली ओळ

१

"मेल्या! एकजात सगळ्या मेल्या!"

पेशींच्या खोलीतून पंतोजींची आरोळी आली तेव्हा मधली दारात चपला बदलत होती. बाळंतपणाची रजा संपवून नुकतीच कामावर आलेली. एक पाय आत, एक बाहेर, आणि जीव घरच्या पाळण्यात. आरोळी ऐकून ती तशीच धावली, एका पायात घरची चप्पल आणि दुसऱ्यात प्रयोगशाळेची.

मधली हे तिचं माहेरचं नाव, तीन बहिणींतली दुसरी म्हणून पडलेलं. ते इथवर कसं पोचलं देव जाणे, पण बसलं मात्र चपखल. प्रयोगशाळेत तिच्या वर पंतोजी, खाली नवरदेव आणि चिमणी. भांडण कुणाचंही असो, दोन्हीकडची बोलणी खायला मधली.

"बघ," मायक्रोस्कोपपासून बाजूला सरत पंतोजी म्हणाले. तोंडावर त्यांना सगळे सर म्हणत. पण रिकाम्या हातानेही ते खडू धरल्यासारखेच बोलत, म्हणून पाठीमागे पंतोजी. "बघ, काय करून ठेवलंय."

मधलीने डोळा लावला. मेंदूतल्या आधारपेशी त्या. एरवी चांदण्यांसारखे हातपाय पसरून, एकमेकींना धरून बसलेल्या. मेंदूतल्या मज्जापेशी म्हणजे मोठे लाडोबा, सगळा बोलबाला त्यांचा; त्यांना भरवणं, त्यांची सांडलवंड निस्तरणं ह्या चांदण्यांकडे. म्हणून इथे सगळे त्यांना 'आया' म्हणत. त्या आया आज आक्रसून, तळ सोडून, पाण्यावर कोंडा तरंगावा तशा तरंगत होत्या.

"ही पेशींच्या प्लेटांची खालची ओळ. वरची ठीक आहे, तिच्यात काही घातलंच नव्हतं. खालच्या ओळीत काल आपलं नेहमीचं विष घातलं. आणि त्या विषाने आया मरत नाहीत, हे मी कित्येक वर्षं कानीकपाळी ओरडतोय!"

ते खरंच होतं. पेशीला शक्ती मिळवायच्या वाटा दोन. एक चूल: साखर तिथल्या तिथे जाळायची, चटकन थोडी शक्ती घ्यायची, मागे आंबट पाणी उरतं. दुसरं वीजघर: काम सावकाश, पण शक्ती भरपूर. एक विष चूल विझवतं, दुसरं वीजघर बंद पाडतं. वीजघर बंद पडलं की लाडोबा माना टाकतात. आया मात्र पदर खोचून चूल दुप्पट पेटवतात आणि तग धरतात. पंतोजींचा अख्खा शोधनिबंध ह्या एका गोष्टीवर उभा होता. छापणाऱ्यांनी एवढंच म्हटलं होतं, एकदा पुन्हा करून दाखवा. आणि करून दाखवायला हाताशी उरलेल्या शेवटच्या आया ह्याच.

"मग ह्या मेल्या कशा?" मधलीने विचारलं.

"कुणीतरी चूलही विझवली. दोन्ही विषं पडली तरच आया मरतात. घातपात आहे हा, घातपात!"

तोवर दारात दोघं येऊन उभे राहिले होते. एक नवरदेव, लग्न ठरल्यापासून ह्याच नावाने ओळखला जाणारा. दुसरी चिमणी: बारकीशी, नवी, अजून कायम न झालेली. प्लेटा तिनेच लावल्या होत्या.

"आणि माझी फिकी बाटली कुठे गेली थंड खोलीतली?" पंतोजी आता दिसेल त्यावर घसरत होते. "ह्या जागेत एक वस्तू ठेवल्या ठिकाणी राहील तर शपथ!"

नवरदेवाने मागच्या कपाटातून पाण्यासारखी नितळ बाटली काढून दाखवली. "ही काय सर, समोरच आहे."

"ती नव्हे रे... जाऊ दे! बाहेर व्हा दोघं!"

दार लागलं. पंतोजींनी एकेक खण उघडायला सुरुवात केली. चिमणीच्या खणात, हातमोज्यांच्या खोक्यामागे, एक जाड काळी डबी होती. चुलीच्या विषाची. त्यांनी झाकण फिरवलं आणि डबी मधलीसमोर तिरकी केली.

डबी अर्धी रिकामी होती.

२

प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई कमी बोलत. त्यांनी डबी टेबलावर ठेवली, वर एक फाईल पालथी घातली आणि म्हणाल्या, "डबी सापडली हे लपणार नाही. पण ती किती भरलेली, किती रिकामी, ते आपल्या तिघांत राहू दे."

"बाई, पोरीला आजच्या आज घरी पाठवा," पंतोजी म्हणाले.

"तशी पाठवली तर जन्मभर विष घालणारी म्हणून ओळखली जाईल. पुन्हा कुठल्या प्रयोगशाळेचं दार उघडेल तिला?" बाई मधलीकडे वळल्या. "तू काल इथे नव्हतीस. तुझं कुणाशी वाकडं नाही. संध्याकाळपर्यंत बघ. नाही उलगडलं तर सर म्हणतात तसं करावं लागेल मला."

मधली बाहेर आली. खिशातला फोन गुरगुरत होता. सासूबाई.

"बाटली तोंडात घेत नाही गं तुझं पिल्लू. तुझंच दूध, तुझ्याच हाताने भरलेलं, तरी जीभ लावून तोंड फिरवतंय. लबाड आहे, नुसत्या बाटलीला फसत नाही."

"रडतंय का?"

"रडतंय तर! गल्ली डोक्यावर घेतलीय."

मधलीच्या सदऱ्याखाली दुधाने ऊब धरली. तिने हाताची घडी घट्ट घातली, दोन खेपा उगाच जिन्यापर्यंत घातल्या आणि चिमणीला शोधायला निघाली.

चिमणी धुण्याच्या खोलीत होती. नळ सोडून, धुतलेलीच भांडी पुन्हा धूत.

"ताई, मी नाही हो घातलं काही! ती डबी मी कधी हातात धरली नाही. माझ्या खणात कशी आली, आईच्यान मला माहीत नाही."

"नळ बंद कर आधी. आता सांग, काल काय काय केलंस? जेवण बदललंस ना?"

जेवण म्हणजे मीडियम. पेशी ज्यात बुडून असतात तो लालसर रस्सा. साखर, मीठ, सगळं त्यातच.

"हो. सगळ्याच प्लेटांचं, वरच्या ओळीचं, खालच्याही. थंड खोलीतून लाल मीडियमची बाटली आणली, स्पिरिटने पुसली, तिच्यावर एक जुनं नाव होतं तेही पुसलं. मग प्लेटा भरल्या. मग खालच्या ओळीत वीजघराचं विष, सरांनी सांगितलं तेवढंच. मोजून. दोनदा मोजलं ताई, मला धास्तीच असते."

"कुठलं जुनं..." मधली विचारणार तोच फोन पुन्हा गुरगुरला. तिने पाहिलं. सासूबाई नव्हत्या, कुठल्याशा दुकानाची जाहिरात होती. ती इतकी चिडली की प्रश्नच विसरली.

"ताई," चिमणी खालच्या मानेने म्हणाली, "मला काढणार का?"

मधलीने धुतलेलं एक भांडं उचलून पालथं घातलं. मग चिमणीच्या डोक्यावरून हात फिरवला, ओला का असेना.

३

नवरदेव खिडकीत उभा राहून फोनवर कुजबुजत होता. मधलीला बघताच फोन खिशात.

"चालू दे की," मधली म्हणाली. "लग्नाआधीच सगळं बोलून घ्यायचं असतं. नंतर कोण ऐकतंय?"

तो हसला, पण हसू ओठांवरच राहिलं. तो लवकरच इथून जाणार होता; होणाऱ्या बायकोच्या गावी नोकरी जवळजवळ पक्की होती. अडलं होतं ते फक्त पंतोजींच्या शिफारशीवर.

"तुला काय वाटतं?" तिने विचारलं.

"मला काय वाटणार? चिमणी असं करेलसं वाटत नाही. पण वाटण्यावर काय आहे, ताई? अर्धी डबी म्हणजे काही चिमूटभर नव्हे. एवढी पावडर गेली कुठे, हे तिने सांगायला नको?"

"हं," मधली म्हणाली. "खरंय."

ती चार पावलं गेली आणि थबकली. अर्धी डबी. बाहेरून काळी, जाड, आतलं काही न दिसणारी डबी. ती अर्धी आहे हे बाईंना माहीत, पंतोजींना माहीत, आणि तिला. नवरदेवाला कुणी सांगितलं?

ती गर्रकन वळली. खिडकी रिकामी होती.

४

तो जिन्याखाली सापडला, जुन्या खोक्यांवर बसलेला.

"मीच," मधलीने तोंड उघडण्याआधीच तो म्हणाला. "पावडर मी वापरली. पण त्या आयांवर नाही, ताई! माझा एक वेगळा प्रयोग चाललाय, लाडोबांवर. सरांना न विचारता. त्या दिवशी ते अचानक आत आले आणि हातातली डबी मी मिळेल त्या खणात सारली. खण चिमणीचा निघाला."

"आणि आज तिच्यावर शेकतंय हे दिसत असून मूग गिळून बसलास?"

"सर शिफारस देतील का मग? तिकडे होणाऱ्या सासऱ्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलंय, जावई अमुक ठिकाणी लागला म्हणून."

"शाब्बास. आपलं घोडं दामटायला दुसऱ्याचा बळी दिलास."

पण रागावून झाल्यावर मधलीच्या लक्षात आलं, ती होती तिथेच होती. डबी निर्दोष ठरली. आया मेल्या त्या मेल्याच. पंतोजी म्हणतील, ह्याने अर्धी वापरली तशी तिने चिमूटभर वापरली असेल. विष घातलं नाही, हे दाखवायचं कसं? घातलेलं दाखवता येतं. न घातलेलं?

आणि विष नसेल तर दुसरं काय? वीजघराचंच विष हात सैल सुटून जास्त पडलं असेल? ती तरातरा पेशींच्या खोलीत गेली आणि खालची ओळ उजेडात धरली. मीडियम लाल होतं. मीडियममध्ये एक रंग असतो: आंबटपणा वाढला की लालाचा नारिंगी होतो, मग पिवळा. वीजघर बंद पडलेल्या आया चूल ढणाढणा पेटवतात, म्हणजे मरण्याआधी त्यांनी सगळं पिवळं करून टाकायला हवं होतं. इथे पिवळेपणाचा मागमूस नाही. म्हणजे चूल पेटलीच नाही. पंतोजींचंच खरं होत होतं, आणि तेच तिला नको होतं.

फोन. ह्या वेळी खरोखरच सासूबाई.

"आता गप्प झालंय," त्या म्हणाल्या. आवाज उतरलेला. "बाटली घेतली नाहीच. नुसतं छताकडे बघत पडलंय."

"झोपलं असेल."

"झोपलं नाही म्हणून तर फोन केला. अगं, रडतंय तोवर काळजी नसते. रडणाऱ्याकडे सगळं घर धावतं. उपाशी असून गप्प पडलेलं पोर कुणाच्या डोळ्यांत येत नाही, त्याच्याकडेच बघायचं असतं. तू ये लवकर."

"येते. येतेच, आई. चमच्याने पाजून बघा तोवर."

फोन ठेवून मधली दाराकडे निघाली, परत फिरली, पुन्हा दाराकडे निघाली. पाय घरी ओढत होते. पण डोक्यात सासूबाईंचं वाक्य गोमाशीसारखं घोंगावत होतं. गप्प पडलेल्याकडे बघायचं असतं.

सकाळपासून सगळे मेलेल्या ओळीकडेच धावले होते. वरच्या ओळीकडे, जिवंत राहिलेल्या, न कुरकुरणाऱ्या ओळीकडे, 'ठीक आहे' म्हणण्यापलीकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

तिने वरची ओळ खिडकीशी नेली. आया जिवंत होत्या, चांदण्यांसारख्या पसरलेल्या. पण त्यांचं मीडियम...

लाल. बाटलीतून नुकतं ओतल्यासारखं, लखलखीत लाल.

मधलीने ओळ आणखी उजेडात धरली. आयांची चूल चांगल्या दिवसांतही चालूच असते. रात्र सरेतो त्यांचं जेवण नारिंगी झालेलं असतं, हे ती हजारदा पाहत आली होती. मग ह्या ओळीत तर कुणी थेंबभर विष घातलं नव्हतं. हिची चूल कुणी विझवली?

५

डोकं चालेना तशी ती चहाच्या टपरीपाशी गेली. प्रयोगशाळेच्या आवारातच एक मावशी टेबल मांडून बसत. पंतोजी तिथे आधीच होते. खिशातून साखर मोजायचं छोटं यंत्र काढून, बोट टोचून, रक्ताचा थेंब पट्टीला लावत होते. चहाआधी हा त्यांचा रोजचा नेम. आकडा बघून त्यांनी तोंड वाकडं केलं.

"मावशी, माझा फिका."

"देते. सरांचा फिका बाजूलाच काढलाय."

मावशींनी पेला पुढे सरकवला. चहा असा काळाकुट्ट, की पेल्याचा तळ दिसेना.

मधली त्या पेल्याकडे बघतच राहिली. "हा फिका?" तिच्या तोंडून निघालं.

"मग!" मावशी म्हणाल्या. "साखरेचा कण नाही त्यात."

मधलीने आपला चहा तसाच टेबलावर ठेवला आणि धूम ठोकली. मागून मावशी ओरडल्या, "अहो, गोड आहे तुमचा!" पण ऐकायला थांबलं कोण?

धुण्याच्या खोलीत चिमणी आपलं सामान पिशवीत भरत होती.

"ठेव ते खाली. काल बाटलीवरचं जुनं नाव पुसलंस ना? काय नाव होतं?"

"ते होय? 'फिकं' असं लिहिलेलं होतं. पण आत तर लालभडक, ताई. फिकं म्हणजे ते बिनरंगाचं, पाण्यासारखं असतं ना? आपण बाटल्या धुऊन पुन्हा वापरतो. मला वाटलं, आधीच्या मीडियमचं नाव पुसायचं राहून गेलं असेल. म्हणून पुसलं." तिने मधलीकडे पाहिलं. "का हो? चुकलं का माझं?"

"बाटलीत काही उरलंय?"

"तळाला आहे थोडं."

"आण. आणि तोंड पूस. बाईंकडे जायचंय."

६

बाईंच्या खोलीत पाच माणसं म्हणजे दाटीच. नवरदेव दाराला चिकटून उभा. त्याने डबीचं सगळं स्वतःच सांगून टाकलं, मधलीकडे न बघता, एका दमात. पंतोजींचे कान लाल झाले.

"तुझं नंतर बघतो," ते म्हणाले. "पण ह्याने पोरगी सुटत नाही."

"नाही सुटत," मधली म्हणाली आणि बरोबर आणलेल्या दोन्ही ओळी तिने टेबलावर मांडल्या. "सर, ही वरची ओळ. विष नाही, काही नाही. रंग बघा."

पंतोजींनी चष्मा कपाळावर सारला. बघितलं. पुन्हा बघितलं. वर्गात फळ्यावर चूक सापडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

"नारिंगी का नाही हे?"

"तेच. हिचीही चूल पेटलेली नाही. फक्त हिचं वीजघर चालू होतं, म्हणून ही जगली. जेवणात इतर जे काही होतं ते जाळून हिने रात्र काढली. खालच्या ओळीचं आपण वीजघरही बंद केलं, म्हणून ती मेली. दोन्ही ओळींच्या चुलीला जे झालं ते एकच आहे, सर, आणि ते दोघींना मिळालेल्या जेवणातून आलंय."

"मग हिने बाटलीतच चुलीचं विष कालवलं असेल!" पंतोजींनी चिमणीकडे बोट केलं. "तरीही रंग लालच राहील."

मधली ह्याचीच वाट बघत होती. "बरोबर. पण विष कालवलं तरी जेवणातली साखर जागेवर असेल ना? चूल बंद, पण लाकडं तशीच?"

"अर्थात."

"तुमचं यंत्र द्या."

"काय?"

"खिशातलं. साखर मोजायचं."

पंतोजींनी ते दिलं, नाइलाजाने, जेवणाचा डबा दुसऱ्याच्या हाती द्यावा तसं. मधलीने आधी बरोबर आणलेल्या नव्या, सीलबंद बाटलीतलं मीडियम पट्टीला लावलं. यंत्राने भलामोठा आकडा दाखवला. माणसाचा असता तर रुग्णवाहिका बोलवावी लागली असती. मग तिने दुसरी पट्टी घातली आणि चिमणीच्या बाटलीच्या तळातला लाल थेंब लावला.

सगळ्यांच्या माना पुढे झुकल्या.

यंत्र आकडा दाखवेना. मोजण्याइतकी साखर नाही, एवढंच सांगणारी खूण तेवढी लुकलुकली.

"विष नव्हतंच," मधली म्हणाली. "चूल कुणी विझवली नाही. लाकडंच दिली नाहीत. बाटलीवर लिहिलं होतं 'फिकं'. चिमणीच्या भाषेत फिकं म्हणजे ज्याला रंग नाही ते. आत लाल दिसलं, तिला नाव चुकीचं वाटलं. पण ज्याने लिहिलं त्याच्या भाषेत फिकं म्हणजे..."

"ज्यात साखर नाही ते," पंतोजी हळूच म्हणाले.

त्यांनी चिमणीची बाटली उचलून उजेडात धरली.

"माझी बाटली," ते म्हणाले. "मागे एका प्रयोगासाठी बिनसाखरेचं मीडियम केलं होतं. रंगाचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. घरी, टपरीवर, सगळीकडे फिका म्हणजे बिनसाखरेचा. आणि सकाळपासून मीच ओरडतोय, माझी फिकी बाटली कुठे गेली म्हणून!"

नवरदेवाला आपण दाखवलेली नितळ बाटली आठवली असावी. त्याने मान खाली घातली.

बाईंनी पालथी फाईल उचलून कपाटात ठेवली. "चिमणी, सोमवारपासून कायमची. आणि नाव पुसायच्या आधी विचारायचं."

चिमणीने मान हलवली.  मग नाक ओढून म्हणाली, "सर, एक विचारू? छापणाऱ्यांना आपण म्हणतो, वीजघर बंद पडलं तर आया चुलीवर तगतात. पण कशावरून चुलीवर? दुसऱ्या कशावर नाही कशावरून?"

"कशावरून म्हणजे..." पंतोजी थांबले. त्यांनी खालची ओळ हातात घेतली, मेलेली. "साखर होती तेव्हा तगल्या. साखर काढून घेतली आणि मेल्या." त्यांचा खडूचा हात हवेतच थांबला. "अगं, हाच तर पुरावा! हे मी मुद्दाम करायला हवं होतं."

"आता मुद्दाम पुन्हा करा," बाई म्हणाल्या. "नव्या आया वाढवा. छापणाऱ्यांना मी थांबायला सांगते. आणि निबंधावर हिचं नाव घाला."

"घालतो. तिलाच लिहू दे तो भाग." पंतोजी चिमणीकडे वळले. त्यांनी आपलं यंत्र खिशात घातलं. शेवटी म्हणाले, "चल, चहा घेऊ. मला... बिनसाखरेचा."

मधली तोवर जिना उतरत होती. चपला बदलायचं भान कुणाला? तशीच, एका पायात घरची, एका पायात प्रयोगशाळेची. रस्ता ओलांडून, वळण घेऊन, दोन माणसांना धडकून ती आपल्या गल्लीच्या तोंडाशी आली आणि उभी राहिली. श्वास रोखून कान दिला.

गल्ली शांत होती. ती दोन पावलं पुढे सरकली.

मग वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून आवाज आला. आधी बारीक, मग चढता, मग सगळी गल्ली डोक्यावर घेणारा.

रडत होतं. अगदी बेंबीच्या देठापासून.

"आले रे माझ्या राजा," ती हसत, धापा टाकत जिना चढू लागली, सदऱ्याचं वरचं बटण वाटेतच सोडत.